स्प्रिंगचा रेट

गजभिये काकाजींनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही, वजन विचारलं. मी अंदाजाने सत्तर सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "सत्तर? भाऊ, इथं काहीतरी गोम हाये. पोट धरून सांगा."

रायपूर राजधानी झालं, नवी कार्यालयं उघडली आणि माझी बदली इथल्या तपासणी विभागात झाली. संशय घेण्यासाठीच मला पगार मिळतो. पण शेजारच्या घरातल्या या माणसापुढे मी अगदीच भोळा ठरलो. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर स्प्रिंगा तपासल्या होत्या आणि निवृत्तीनंतर सगळं जग तपासायला घेतलं होतं. दूधवाल्याला ते पहिला घोट स्वतः प्यायला लावत. दारावर कोणी थाप मारली की आतून विचारत, "कोण?" बाहेरच्याने नाव सांगितलं की पुढचा प्रश्न यायचा, "कशावरून?"

अशा माणसाने सिलतऱ्याच्या एका कारखानदाराची दोन सीटची, बुटकी, लाल स्पोर्ट्स कार भंगाराच्या भावात घेतली, तेव्हा सगळी कॉलनी चाट पडली. गाडी चालत होती, पण तिच्या स्प्रिंगा इतक्या कडक की बिडीच्या थोटकावरून चाक गेलं तरी बसणाऱ्याच्या दातांना कळायचं. कंपनीच्या नव्या स्प्रिंगा पेन्शनमध्ये बसणाऱ्या नव्हत्या. मग काकाजींनी ठरवलं, भंगारातून हव्या तेवढ्या नरम शोधायच्या. स्प्रिंग एक सेंटीमीटर दाबायला किती किलो लागतात, त्याला त्यांच्या धंद्यात 'रेट' म्हणतात. सगळा घोळ या शब्दाने केला.

"भैया, इसका रेट क्या है?" त्यांनी एका भंगारवाल्या दुकानदाराला विचारलं. मी सोबत होतो.

"छह सौ, चाचा."

"वो रेट नहीं. दबाने का रेट."

दुकानदार समजूतदारपणे हसला. "अच्छा, दबाओगे तो साढ़े पाँच सौ लगा दूँगा."

"अरे, एक सेंटीमीटर दबाने को कितना लगेगा?"

"दबाने का क्या लगेगा चाचा? फ्री में दबाओ!"

बाहेर आल्यावर काकाजी माझ्या कानाशी आले. "पाहिलं? रेट लपवून राहिला थो. काहून लपवते? इथं काहीतरी गोम हाये."

अशी पाच दुकानं झाली. एका मेकॅनिकने तर आहे तीच स्प्रिंग एक वेढा कापून नरम करून देतो म्हटलं. काकाजी त्याच्यावर असे उखडले की मलाच मध्ये पडावं लागलं. "कापली की स्प्रिंग कडक होते रे! तीस वर्षं काय मी लाडू वळून राहिलो होतो का?"

शेवटी त्यांनी अंगणात स्वतःचं यंत्र उभं केलं. खाली न्हाणीघरातला वजनकाटा, त्यावर स्प्रिंग, वरून जॅकचा दाब आणि बाजूला फूटपट्टी. भंगारातली प्रत्येक स्प्रिंग ते तिथे चौकशीला बसवत. मनासारखी मिळाली की गाडीला लावत, डाव्या सीटवर माणसाच्या जागी तांदळाचं पोतं ठेवत आणि कॉलनीला एक चक्कर मारत.

त्या पोत्याने आमच्या घरात वादळ उठवलं. माझी बायको वर्ध्याची. तिचं लक्ष चौफेर असतं. "अवो, काकाजी पोतं तोलूनच ठेवतेत. आधी बावन्न किलो होतं, मंग पंचेचाळीस, आता अडतीस. मी गच्चीवरून काटा पायला."

"मग?"

"मंग काय? काकू तर चांगल्या सत्तर किलोच्या. अडतीस किलोची हे कोन बाई हाये?"

खरं तर मलाही खटकलं होतं. काकू गेले कित्येक महिने दिसल्या नव्हत्या. विचारलं की काकाजी म्हणत, "बहिणीकडे अभनपूरले गेली." पण सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात कुकर वाजायचा, खिडक्या मात्र सदा बंद. मी तपासणी विभागाचा माणूस. लाल गाडी, बायको गावाला, बंद खिडक्या आणि एक सडपातळ अज्ञात स्त्री, एवढा मुद्देमाल मला पुरेसा होता. बायकोने तर "हप्त्याहप्त्याले बारीक होऊन राहिली, मोठी फॅशनेबल दिसते," असाही शेरा मारला. आम्ही दोघं पोटभर हसलो. ते हसू मला आजही टोचतं.

एका रविवारी सकाळी काकाजींनी मला कुंपणावरून हाक मारली. अंगणात तीन वजनकाटे ओळीने मांडले होते. तिसरा आदल्या दिवशी गोल बाजारातून आणला होता.

"भाऊ, जरा तिन्हीवर उभे राहा."

मी चढलो, उतरलो. तिन्ही काट्यांनी चौऱ्याहत्तर दाखवलं. कार्यालयातल्या वैद्यकीय तपासणीतही मी तेवढाच भरलो होतो. तसं मी त्यांना सांगून टाकलं.

"पक्कं?"

"पक्कं, काकाजी."

मी 'कशावरून'ची वाट पाहत होतो. ते आलं नाही. काकाजी पायरीवर बसले. "मंग तिचं बी बरोबरच असन," ते म्हणाले. "मले वाटे, काटेच खोटं बोलून राहिले. पयले दोन काटे बाजूले टाकले मी, भाऊ."

मग त्यांनी उठून घराचं दार उघडलं.

आत पलंगावर काकू होत्या. मी ओळखलं ते फक्त डोळ्यांवरून. अभनपूर नव्हतं, बहीण नव्हती, आजार होता आणि तो हाडांपर्यंत गेला होता. "या भाऊ," त्या म्हणाल्या. "मीच यांले सांगतलं होतं, कोणाले आणू नका म्हून. लोक हाय हाय करतेत, मले नाही सोसत थे."

दवाखान्यात नेताना ऑटोच्या प्रत्येक दचक्याला त्या ओरडायच्या, म्हणून त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं होतं. गाडीची हौस मात्र त्यांची होती, काकाजींची नव्हती. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या सायकलमागे बसून त्या रस्त्याने जाणाऱ्या लाल गाड्या पाहत आल्या होत्या. एकदा, दुखू न देता, लाल गाडीतून फिरवून आणा, एवढंच त्यांनी मागितलं होतं. त्यांचं वजन उतरलं की काकाजी पोत्यातून तांदूळ काढायचे आणि आणखी नरम स्प्रिंग शोधायला निघायचे. स्प्रिंग सापडेपर्यंत वजन पुन्हा उतरलेलं असायचं.

मी त्या दिवसापासून सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर भंगारात बसू लागलो. दोन आठवड्यांनी हवी तशी जोडी मिळाली.

नव्या राजधानीचे रुंद रस्ते तेव्हा सकाळी पार मोकळे असत. काकूंना उशांमध्ये बसवून गाडी निघाली, मागे स्कूटरवर मी. काकाजी बैलगाडीच्या चालीने चालवत होते. पहिला गतिरोधक ओलांडला आणि त्यांनी गाडी थांबवली. मीही बाजूला थांबलो.

"लागलं?"

"नाही."

"खरं सांग. माह्या जिवाले बरं वाटावं म्हून सांगू नको."

काकूंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. "अवो, आपल्याले आत्ता एक सायकलवाला मागं टाकून गेला. स्पोर्ट्स कार हाये न हे? पळवा न जरा!"

 काकाजींनी चष्मा पुसला, गियर टाकला आणि गाडी खरोखरच सुटली. काकूंचा बारीक हात खिडकीबाहेर आला आणि वाऱ्यात तसाच राहिला. माझ्या स्कूटरला त्यांना गाठणं शक्यच नव्हतं. मी कडेला थांबून पाहत राहिलो. पुढचं वळण येऊच नये, तो रस्ता संपूच नये, असं मला फार वाटत होतं.