पावणेसहाची हजेरी

रामटेके साहेबांनी गेल्या दिवाळीनंतर एका उशीला निलंबित केलं.

हे मी पदरचं सांगत नाही. तसा कागद आहे आणि त्याची एक प्रत माझ्याकडे 'माहितीस्तव' आलेली आहे. उशी सावरीच्या कापसाची, नागपूरहून आणलेली, बरीच जुनी. तिच्यावर आरोप असा की, साहेबांना पहाटेपासून ज्या शिंका येतात त्यांना ती 'प्रथमदर्शनी जबाबदार' आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत तिला बाल्कनीतल्या खुर्चीत बसवण्यात आलं. पंधरा दिवसांत शिंका काही कमी झाल्या नाहीत, तेव्हा उशीला सन्मानानं पलंगावर परत घेतलं आणि बाल्कनीतले पंधरा दिवस 'कर्तव्यकाळ' म्हणून धरले.

"साहेब, उशीला काय फरक पडतो?" मी विचारलं.

"तिला नसेल पडत. मला पडतो," साहेब म्हणाले.

येरवड्यातल्या आमच्या सोसायटीत साहेब माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. मूळचे नागपूरकडचे. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची बरीच वर्षं विभागीय चौकशा घेण्यात गेली. म्हणजे कोणी कर्मचारी काही घोळ करून बसला की साहेब टेबलामागे बसणार, दोन्ही बाजू ऐकणार आणि निष्कर्ष लिहिणार. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी चौकशी काही सुटलेली नाही. लग्न केलं नाही. का, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. "प्रस्ताव मुदतीत आला नाही," एवढंच उत्तर मिळालं.

मी दहावीच्या मुलांना गणित शिकवते. समीकरणाच्या दोन बाजू जुळल्या नाहीत की मला जेवण गोड लागत नाही. या माणसाच्या दोन बाजू मला कित्येक महिने जुळवता येत नव्हत्या, आणि आता जुळल्यात असं वाटतं तेव्हाही नक्की काय जुळलं ते सांगता येत नाही.

सगळा घोळ कुत्र्यापासून सुरू झाला. चार वर्षांपूर्वी पार्किंगमध्ये एक तपकिरी गावठी पिल्लू लंगडत आलं आणि साहेबांच्या स्कूटरखाली बसलं. त्याचं काय करायचं यावर सोसायटीच्या सभेत दीड तास चर्चा झाली. शेवटी साहेब उठले आणि म्हणाले, "निर्णय होईपर्यंत तात्पुरता ताबा मी घेतो." निर्णय काही झाला नाही. आमच्या सोसायटीत लिफ्टमधल्या पंख्याचाही निर्णय अजून झालेला नाही. नेमणूक तात्पुरती म्हणून साहेबांनी पिल्लाचं नाव 'प्रभारी' ठेवलं. चार वर्षांत प्रभारी चांगला दांडगा झाला, पण कायम झाला नाही.

साहेब त्याच्याशी अहो-जाहो करतात. लाड नाहीत, कुशीत घेणं नाही, सोनू-मोनू तर नाहीच. सकाळ-संध्याकाळ फिरवायचं, वेळेवर खायला द्यायचं आणि बोलायचं ते कामापुरतं. "अहो प्रभारी, जिन्यात रेंगाळू नये." प्रभारी रेंगाळायचं थांबतो. इमारतीतली मुलं आईबापांचं इतकं ऐकत नाहीत. पण त्यामुळे साहेबांना हा कुत्रा आवडतो की नुसता सांभाळायला दिलेली फाइल म्हणून ते त्याला सांभाळतात, हे मला कळेना.

मग शिंका आल्या. आधी सकाळी चार-पाच, मग दिवसभर. डोळे लाल, नाक पुसून पुसून सोललेलं, रात्री छातीत शिट्टी. आमच्या मजल्यानं पहिल्याच आठवड्यात निदान करून टाकलं होतं. माझा नवरा सुधीर बोलण्याच्या बाबतीत काटकसरी आहे. तो म्हणाला, "कुत्रा. दुसरं काय?"

साहेबांनी मात्र रीतसर चौकशी लावली. उशीनंतर सतरंजीचा नंबर लागला. मग पडद्यांचा. मग मेट्रोच्या धुळीचा, पण तिला नोटीस बजावायला पत्ता मिळेना. मग कबुतरांचा. प्रत्येक वेळी आरोप, पुरावा, निष्कर्ष असं सगळं वहीत लिहिलं जायचं आणि आरोपी निर्दोष सुटायचा. एके दिवशी माझ्या दाराची बेल वाजली. साहेब हातात कागद घेऊन उभे. माझ्या स्वयंपाकघरातून रोज साडेअकराला येणाऱ्या मोहरी-मिरचीच्या फोडणीबाबत त्यांना खुलासा हवा होता. मुदत सात दिवस.

"रामटेके साहेब," मी म्हटलं, "घरात चार पायांवर पुरावा हिंडतोय आणि तुम्ही माझ्या कढईवर संशय घेता?"

"त्यांच्याविरुद्ध लेखी तक्रार आलेली नाही," साहेब म्हणाले आणि सलग सात वेळा शिंकले. त्यांच्या मागे प्रभारी बसला होता. दर शिंकेला त्याचा डावा कान हलत होता.

तक्रार अखेर आली ती प्रज्ञाकडून. प्रज्ञा ही साहेबांच्या बहिणीची मुलगी, खराडीला एका आयटी कंपनीत आहे. तिनं मामाला धरून दवाखान्यात नेलं. हातावर थेंब थेंब टोचून तपासणी झाली. धूळ नाही, कापूस नाही, मोहरी तर मुळीच नाही. कुत्रा. त्या अहवालाची प्रत मी मागून घेतली आणि कढईच्या वरच्या फडताळात ठेवली.

"मामा, आता धिस इज इट," प्रज्ञा म्हणाली. "खडकवासल्याच्या पुढे माझ्या मैत्रिणीची शेती आहे. तिचे आईबाबा तिथेच राहतात, प्रभारीला मस्त सांभाळतील. एक महिना देते तुम्हाला. मग मी गाडी घेऊन येणार."

"विचाराधीन," साहेब म्हणाले.

पुढच्या सोमवारपासून जे सुरू झालं त्यानं तर माझं डोकं चक्रावलं. सकाळी साडेनऊला साहेब इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी, पिशवीत डबा अशा थाटात बाहेर पडायला लागले. येणार संध्याकाळी बरोबर पावणेसहाला. रविवार सुट्टी. कुठे जाता म्हणून विचारलं तर म्हणाले, "प्रतिनियुक्तीवर आहे." कुठल्या खात्यात, ते सांगेनात. दुसऱ्या मजल्यावरच्यांचं म्हणणं, कुठल्याशा कंत्राटदारानं सल्लागार नेमलंय. वॉचमनचं म्हणणं, साहेबांचं उतारवयात कुठेतरी जमलंय. सुधीर म्हणाला, "क्लास लावला असेल." आणि या सगळ्यात शिंका निम्म्यावर आल्या, ते वेगळंच. कुत्रा घरात, साहेब बाहेर, शिंका कमी. म्हणजे घरच सोडायचं ठरलंय की काय?

एका गुरुवारी मी पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात गेले होते. तिथून सदाशिव पेठेत आले, तर एका अभ्यासिकेच्या दारात, चहाच्या टपरीपाशी, पाच-सहा मुलामुलींच्या घोळक्यात साक्षात रामटेके साहेब. अभ्यासिका म्हणजे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं सकाळपासून रात्रीपर्यंत जिथे पैसे भरून खुर्ची धरतात, ती जागा. या पेठेत दर दोन इमारतींमागे एक आहे. तिथे साहेबांनी महिन्याची खुर्ची घेतली होती.

"काकू, सर आमचे आहेत बरं का," गोंदियाकडची एक मुलगी मला म्हणाली. "सेवा नियम असे समजावून सांगतात की विचारू नका. क्लासपेक्षा भारी."

"साहेब, तुम्ही परीक्षा देताय?" मी विचारलं.

"वयोमर्यादा ओलांडली," साहेब म्हणाले. मग मला जरा बाजूला घेतलं, खिशातून डॉक्टरांचा कागद काढला. डॉक्टरांच्या इंग्रजीखाली साहेबांनी पेन्सिलीनं मराठी केलं होतं. 'रुग्ण व श्वान यांचा एका छपराखालील सहवास शक्य तितका कमी करण्यात यावा.'

"बघा," ते म्हणाले. "यात कोणी बाहेर जायचं हे नमूद नाही."

"म्हणून तुम्ही बाहेर गेलात?"

"ते प्रभारी आहेत, मॅडम. त्यांना मुख्यालय सोडता येत नाही."

मी परतीच्या बसमध्ये तो हिशेब करत बसले. दिवसभर साहेब घराबाहेर. रात्री साहेब आपल्या खोलीचं दार लावून आत, प्रभारी हॉलमध्ये. फिरवायला नेतात तेव्हाही हा माणूस कामाशिवाय शब्द बोलत नाही. इतका आटापिटा करून ज्याच्यासोबत राहायचं, त्याच्यासोबत हा माणूस असतो कधी? उत्तर शून्य येत होतं. मी दोनदा करून पाहिलं.

महिना संपला. रविवारी सकाळी दहाला प्रज्ञा गाडी घेऊन आली, तर साहेबांनी हॉलमध्ये टेबल मांडलेलं. तीन खुर्च्या, समोर वही, पेन, पाण्याचा तांब्या. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय कोणालाही काढता येणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. प्रज्ञानं आरोप मांडायचे. प्रभारीला स्वतःला बोलता येत नाही, म्हणून नियमाप्रमाणे त्याला बचाव सहायक द्यायचा. ती मी.

"मला कुत्री आवडत नाहीत," मी स्पष्ट सांगितलं.

"म्हणूनच. पक्षपाताचा आरोप येणार नाही."

प्रज्ञाला आधी हसू आलं होतं. पण बोलायला लागली आणि तिचं हसू गेलं. "परवा रात्री फोनवर तुम्ही बोलत होता ना मामा, तर मला शब्द कमी आणि श्वासच जास्त ऐकू येत होता. आई तिकडे नागपूरला झोपत नाही. मला रोज विचारते, तुझा मामा बरा आहे का. मी काय सांगू? मला एकच मामा आहे. बस, एवढीच केस आहे माझी."

साहेबांनी ते सगळं वहीत लिहून घेतलं. लिहिताना त्यांचा हात हळू चालत होता. मग माझ्याकडे पाहिलं. "बचाव?"

माझ्याकडे काही बचाव नव्हता. खरं सांगायचं तर मला प्रज्ञाचंच पटलं होतं. प्रभारी टेबलाखाली माझ्या पायांवर हनुवटी टेकून बसला होता, आणि मला पाय काढून घ्यायचाही धीर होईना. म्हणून मी माझं अडलेलं गणितच विचारलं.

"साहेब, दिवसभर तुम्ही पेठेत, रात्री दार लावून खोलीत. तुम्ही दोघं एकत्र असता कधी?"

"पावणेसहाला."

"म्हणजे?"

"मी येतो तेव्हा."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"चौतीस वर्षं नोकरी केली," ते म्हणाले. "रोज घरी आलो. कुलूप काढलं, आत गेलो, दिवा लावला. मी आलो हे कोणाला माहीत असायचं काही कारणच नव्हतं. कुलूपच होतं बाप्पा समोर." साहेबांच्या तोंडून नागपूर निघतं ते फार क्वचित. "आता लिफ्ट थांबायच्या आधीच आतून दार वाजते. याला कसं समजते, देव जाणे. मी कुठं गेलोच नाही तर येणार कुठून? शिंका काय, येतात न जातात."

प्रज्ञा खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "निकाल द्या मामा."

"मला देता येत नाही. चौकशी अधिकाऱ्याचाच यात हितसंबंध आहे," साहेब म्हणाले आणि वही तिच्याकडे सरकवली. "तू दे."

तिनं ती वही कितीतरी वेळ समोर नुसती धरून ठेवली. मला वाटलं, आता ही रडेल. पण ती त्याच मामाची भाची. तिनं पेन घेतलं आणि मोठ्यानं बोलत लिहायला लागली. डॉक्टरांनी दिलेला श्वासाचा पंप दोन्ही वेळा घ्यायचा. दर महिन्याला डॉक्टर. प्रभारीला बेडरूममध्ये बंदी. रविवारी त्याला आंघोळ ती घालणार आणि केस ती विंचरणार, तोवर मामांनी घराबाहेर थांबायचं. "आणि पुन्हा रात्री छातीत शिट्टी वाजली, तर मी टेबल-बिबल मांडू देणार नाही. सरळ घेऊन जाणार."

"खाली सही कर," साहेब म्हणाले. आवाज बसलेला होता. अॅलर्जीमुळे असेल.

प्रज्ञाची गाडी रिकामीच गेली.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मी मुद्दाम कचऱ्याचा डबा घेऊन दारात उभी राहिले. लिफ्ट अजून खालीच होती आणि समोरच्या दारावर आतून नखांचा आवाज सुरू झाला. साहेब आले. पिशवी खाली ठेवली, किल्ली काढली आणि तशीच हातात धरून उभे राहिले. आत प्रभारी दार नुसतं खरवडून काढत होता.

"किल्ली लागत नाहीये का साहेब?"

"लागते."

"मग?"

"वाजू द्या जरा," ते म्हणाले.

मी डबा तसाच भरलेला घेऊन आत आले.

त्या दिवशी सात वाजता लिफ्ट थांबली. सुधीरच्या लॅचकीचा आवाज मी तीस वर्षं ऐकतेय आणि तीस वर्षं स्वयंपाकघरातूनच "आलास का" म्हणतेय. मी गॅस बंद केला आणि जाऊन दार उघडलं. किल्ली हवेत धरून तो माझ्याकडे बघतच राहिला.

"काय झालं?"

"काही नाही."

त्यानं माझ्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं. "कोण आलंय?"

"तू," मी म्हटलं.

चपला काढायला त्याला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.