हाकेचं नाव

डोंबिवलीतल्या आमच्या आळीत बाळाचं नाव आत्यानं कानात सांगण्याआधी आप्पा दामले ते शेतात जाऊन ओरडून बघायचे.

आप्पा निवृत्त शाळामास्तर. आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहायचे. देश नुकताच स्वतंत्र झालेला, आणि डोंबिवलीत घरं थोडी, भातशेती फार. बारसं ठरलं की आप्पा बाळाच्या बापाला घेऊन कोपरच्या बाजूला निघायचे. बापाला दूर आंब्याखाली उभं करायचे आणि स्वतः बांधावरून त्या नावानं तीनदा हाक मारायचे. ऐकू आली तर बापानं छत्री उघडायची. छत्री मिटलेलीच राहिली की नाव बाद. पावसाळ्यात बिचारे बाप मिटली छत्री हातात धरून भिजत उभे असायचे.

“नाव पत्रिकेसाठी नसतं हो, हाकेसाठी असतं!” हे आप्पांचं पालुपद.

त्या दिवसांत तऱ्हेतऱ्हेच्या नावांना नुसता ऊत आला होता. ‘सच्चिदानंद’ ऐकून आप्पा म्हणाले, “हाक पुरी होईपर्यंत कार्टं कल्याणला पोचेल.” एका देशभक्त बापानं तर ‘जयहिंद’ ठरवलं. आप्पांनी हाक दिली आणि चिखलात लावणी करणारे आगरी ताठ उभे राहून “जयहिंद!” ओरडले. एकानं विचारलं, “कोन पुढारी आयला, मास्तर?” छत्री उघडली होती, तरी नाव बाद. “पोरगा सोडून सगळं गाव धावत येईल!”

लोक हसायचे, पण ऐकायचे. माझी आई मात्र अडून बसली. माझ्या धाकट्या बहिणीसाठी ‘मृदुला’ हे नाव तिनं लग्नाआधीपासून मनात जपलं होतं. बाबांची छत्री काही उघडली नाही. आप्पांनी दारात येऊन निकाल सांगितला, तशी आई तडकली.

“मुलगी माझी आहे, आप्पा. तुम्हांला काय कळणार लेकरांचं!”

आप्पा उंबऱ्याशीच बसले.

“होता गं पोरी, मलाही एक. सहा वर्षांचा. मोठ्या हौसेनं नाव ठेवलेलं, सुहृद. खेकडे धरायला खाडीत उतरला आणि भरती लागली. मी काठावरून हाका मारतोय, वारा समोरून. त्या नावाला आवाजच नाही गं. त्यानं एकदाही मागं वळून बघितलं नाही.”

आम्ही मुलं आप्पांच्या नकला करायचो, त्याची मला आजही लाज वाटते.

बारशाला आत्यानं बहिणीच्या कानात ‘गंगा’ सांगितलं.

गंगा अजून रांगतही नव्हती. पण आप्पा रोज संध्याकाळी बांधावर जाऊन “गंगाऽऽ” अशी हाक द्यायचे. आई हातातलं काम टाकून तिला कडेवर घ्यायची, अंगणात यायची आणि तिच्या वतीनं “ओऽऽ” द्यायची. ते ऐकू आलं की मगच आप्पा घराकडे वळायचे.