पट्टे संपले की बाबा थांबतात

"बाबांले बँकेत मी एकटा नेऊन आणतो," असं मी छाती पुढे काढून जाहीर केलं, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

माझे बाबा, बाबनराव, वय एकोणऐंशी. सहा वर्षांपासून पार्किन्सन. चालता चालता त्यांचे पाय जमिनीला चिकटतात आणि धड मात्र पुढे निघून जातं. दिवाळीत दोनदा पडले. मग वेदिका नावाची फिजिओथेरपिस्ट यायला लागली. तिनं घरभर फरशीवर पावलापावलावर लाल पट्ट्या चिकटवल्या. पट्टी दिसली की बाबा पाय उचलून ओलांडत. दाराशी अडकून बसणारा माणूस नवरदेवासारखा न्हाणीपर्यंत जाऊ लागला. श्रेय मी घेतलं.

पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. बायको, मयुरी, म्हणाली, "घरूनच मोबाइलवर होते न तो. काहून नेऊन राहिले त्यांले?"

"ऑटोनं जातो, मंग रोडच तं ओलांडाचा आहे. दोन मिनटाचं काम."

ओढू नका, घाई करू नका, चालताना बोलू नका, असं वेदिकानं बजावलं होतं. मी तिन्ही गोष्टी केल्या.

ऑटोवाल्यानं हुडकेश्वर रोडच्या अलीकडेच उतरवलं. समोर झेब्रा क्रॉसिंग, नुकतंच रंगवलेलं. पांढरे पट्टे पाहून बाबांचा चेहरा खुलला. असे झपाझप निघाले की मीच मागे पडलो. पलीकडचा फुटपाथ दोन हातांवर राहिला, पट्टे संपले आणि बाबा थांबले.

मी ओढलं. ते पुढे कलंडले. मी कसंबसं सावरलं. हॉर्न सुरू झाले. ट्रॅफिक हवालदार आला.

"काका काहून थांबले?"

"पट्टे संपले."

"काय संपले?"

मी पार्किन्सन समजावू लागलो. मागे सिटी बस गुरगुरत होती. हवालदार म्हणाला, "मंग परत न्या न त्यांले."

बाबांना वळवायला पंधरा बारकी पावलं लागली. मग पुन्हा झपाझप. अलीकडच्या काठाला पुन्हा ठप्प. पुन्हा वळवलं. तिसऱ्या फेरीला एका मोटारसायकलवाल्यानं विचारलं, "रील बनवून राहिले का गा?"

मला घाम फुटला होता. बाबा मात्र खूश. म्हणाले, "आज बरा चालून राहिलो गा मी."

"बाबा, आता फुटपाथवर चढा. हात जोडतो."

"ओढू नको मले. तुहा पाय आडवा ठेव माह्यासमोर. मयुरी रोज ठेवते."

रोज? मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी एका पायावर उभा राहून दुसरा त्यांच्यासमोर आडवा धरला. बाबांनी तो पट्टीसारखा सहज ओलांडला आणि दुसऱ्या पावलात फुटपाथवर पोचले. तोल माझा गेला. बाजूला नालीतून काढलेल्या गाळाचा ढीग होता. त्यात मी कमरेपर्यंत बसलो.

हवालदारानं मला उठवलं. बँक तिथून लागूनच होती. बाबा भांग पाडलेले, इस्त्रीचा सदरा, हवालदाराचा हात धरून ताठ. मी मागून लंगडत, काळाकुट्ट.

काउंटरवरच्या मुलीनं दोघांना पाहिलं. लगबगीनं खुर्ची आणली ती माझ्यासाठी. मग बाबांना विचारलं, "काका, दाखला यांचाच काढायचा आहे का?"

बाबांनी मला खालून वर पाहिलं.

"काढाचा तं माहा होता. पण त्याचाही काढून टाका."