खड्डा बुजवला आहे

"खड्डा कुठंय?" फोनवरच्या माणसानं विचारलं.

"जमिनीखाली," दगडकाका म्हणाले.

"केवढा आहे?"

"पाच किलोमीटर."

"म्हणजे अख्खा रस्ताच गेला की! पडला कशानं?"

"उल्का आदळली. पुढे गाळानं भरून गेला."

"असं, असं. अर्धवट भरलाय. दगड आहेत?"

"आहेत ना! व्हरांड्यात, पेट्यांत. उद्या या."

"माणसं पाठवतो."

भूगर्भ खात्यात अखेर ऐकून घेणारा कुणी भेटला म्हणून काका हरखले. ऑपरेटरनं 'खड्डा' ऐकून फोन रस्ते खात्याला जोडला होता, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

विहिरी खणण्याच्या नोकरीत निघालेल्या या दगडांवरून 'इथं उल्का पडली होती' असं सांगत काकांनी उभा जन्म स्वतःचं हसं करून घेतलं होतं. विहिरी आता बांधून बंद झाल्या होत्या, त्यामुळे पुरावा उरला तो पेट्यांतच. विश्वास ठेवला एकट्या काकूंनी. कुरकुरत का होईना, एकेक दगड त्यांनी जुन्या टूथब्रशनं घासून धुतला. एक मात्र काही केल्या पेटीत जाऊ दिला नाही. दार वाऱ्यानं लागू नये म्हणून तो स्वयंपाकघराच्या दाराला लावला आणि काकांना बजावलं, "घरात दगड दोन. त्यातला हा तरी कामाला येतो." गेल्या वर्षी काकू गेल्या. तो दगड उचलायला मोकळीक मिळाली, पण काकांचा हात धजला नाही.

दुसऱ्या दिवशी दगड बघायला येणाऱ्या विद्यापीठातल्या संशोधक बाईंना काका स्टेशनावरून घेऊन आले, तर घरासमोरचा रस्ता गुळगुळीत झालेला आणि व्हरांड्यात रिकाम्या पेट्या.

"काका, झालं काम!" मुकादम घाम पुसत म्हणाला. "दगड एक नंबर हां तुमचे. घट्ट बसले."

"अहो, तो पुरावा होता!"

"कशाचा?"

"खड्ड्याचा!"

"मग आता कशाला हवाय? खड्डा बुजवला की!"

बाईंना हसू आवरेना. पण काका पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. "तिनं धुतले होते हो सगळे."

बाई पाणी आणायला आत गेल्या, त्या तिथूनच ओरडल्या, "काका, हा दाराशी कुणी ठेवलाय?"

दगडाच्या एका टोकातून बारीक रेघा पिसाऱ्यासारख्या फुटल्या होत्या. उल्केच्या धक्क्याशिवाय दगड असा फुटत नाही.

"एवढा एक पुरेल," बाई म्हणाल्या. "फक्त कापावा लागेल."

"परत मिळेल?"

"तुकडे मिळतील."

काकांनी मोरीतून तो टूथब्रश आणला, दगड स्वच्छ घासला आणि बाईंच्या ओंजळीत ठेवला.

बाई गेल्या. काका आत आले, तेवढ्यात वाऱ्यानं स्वयंपाकघराचं दार धाडकन लागलं. त्यांनी ते उघडलं, दाराला पाठ टेकून जमिनीवर बसले आणि रिकाम्या ओट्याकडे बघून म्हणाले, "आता हा दगड चालेल का तुला?"