खंडेरावला केस लागते

आमच्या गल्लीत खंडेरावसमोर शिंकायची सोय नाही. शिंकलात की तो सायकल आडवी घालून उभा राहतो. "कधीपासून? नाक वाहतं की चोंदतं? घरात आणखी कुणाला?" मग मनगट धरून आभाळाकडे बघत नाडी मोजतो. हातात घड्याळ नसतं, तरी मोजतो.

हा माणूस डाक्टर नव्हे. तिरुवैयारुच्या बसवर कंडक्टर होता, आता पेन्शनीत. शिकते त्याची पोर, तुळजा. लांब एका ख्रिस्ती विद्यापीठात, फिजिशियन असिस्टंटचं. आमच्याकडे हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. मी विचारलं, "म्हणजे नर्स?"

"नर्स नव्हे, डाक्टरही नव्हे. डाक्टरला वेळ कुठाय अण्णा? पेशंटचं सगळं आधी हिनं ऐकायचं, तपासायचं, मग डाक्टरला नीट मांडून सांगायचं." हे सांगताना त्याच्या शर्टाच्या गुंड्या ताणतात.

मी चौथी शिकलेला, राजवाड्यामागं सायकली दुरुस्त करणारा माणूस. मला गोड बोलता येत नाही. खंडेरावचा मला हेवा वाटतो. त्याला पोर आहे, मला नाही. त्याला बायको आहे. ती सकाळपासून त्याच्यावर ओरडते, "गल्लीचे रोग घरात आणू नका, आधी काफी प्या!" भिंतीपलीकडून ते ऐकलं की माझा घास अडतो. आमची गेल्यापासून माझ्या घरात कुणी ओरडलेलं नाही.

पोर सुट्टीला आली तेव्हा दुखणं कसं विचारायचं ते बापाला सांगून गेली. पण हा विचारतो कंडक्टरसारखं. शेजारच्या म्हातारीला म्हणाला, "कळ कुठं चढते? कुठं उतरते? मधे कुठं थांबते?"

म्हातारी कण्हत म्हणाली, "अय्यो, तिकीटही फाड की मेल्या!"

अशा जमवलेल्या केसेस तो रविवारी एसटीडी बूथवरून लेकीला सांगतो. हॉस्टेलात फोन एकच. चर्चची घंटा झाली की तो बंद. तेवढ्यात बापलेकीचं काय बोलणं व्हायचं ते होतं.

एका रविवारी मला म्हणाला, "चला अण्णा, जरा बूथवर." मला वाटलं, मिरवायला नेतोय. तोंड वाकडं करून गेलो. काचेच्या खोक्यात दोघं कसेबसे मावलो. पेशंटचं नाव बाहेर फोडायचं नाही, ही पोरीची ताकीद, म्हणून तो नाव न घेता सांगत होता. "सायकलवाल्याचं तसंच आहे बाळ. रात्री चूल पेटत नाही. नेसलेली वेष्टी कमरेवर राहत नाही, इतका वाळलाय."

गल्लीत सायकलवाला मी एकटाच.

"गाढवा, मी तुझी केस?"

"पोर तुमच्याशी बोलते म्हणते," म्हणत त्यानं रिसीव्हर माझ्या कानाला लावला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

"काका, जेवण कधीपासून जात नाही?"

"तुझी काकू गेली तेव्हापासून."

"बरं. सांगा."

एवढं बोलून ती गप्प राहिली. असं गप्प राहून माझं कुणी ऐकलं नव्हतं. बायकोचं शेवटचं दुखणं, तिच्या हातचं आंबट वरण, अजून चुकून दोन ताटं मांडतो ते, सगळं बाहेर पडलं. पोर मधूनमधून "मग?" म्हणायची, बस. तेवढ्यात तिकडे घंटा वाजली.

"काका, आज भात लावा. पुढच्या रविवारी विचारीन."

खंडेराव धडपडत आत आला. "हॅलो? तुळजा? हॅलो?" फोन बंद झाला होता. आठवडाभर जपलेलं त्याचं बोलणं मी एकट्यानं संपवलं होतं. त्यानं रिसीव्हर जागेवर ठेवला आणि बूथवाल्याचे पैसे चुकते केले.

वाटेत मात्र राहवलं नाही त्याला. "अण्णा, आवाज कसा होता तिचा?"

"चांगला."

"बसलेला नव्हता ना? थकल्यासारखी वाटली? हसली का एकदा तरी?"

हसली नव्हती. तिला हसायला मी जागाच दिली नव्हती.

"हसली की," मी म्हणालो. "दोनदा."

खंडेराव रस्त्यातच थांबला. "कशावर?"

"तुझ्यावर."