अस्वलाची दुर्बीण आणि चंद्रावरचे पणजोबा

एका जंगलात, मुलांनो, नागोजी नावाचं अस्वल राहत होतं. त्याला आकाशाचं भारी वेड. एकदा त्याने दुर्बिणीचं किट मागवलं. म्हणजे दुर्बीण नव्हे हं. दुर्बिणीचे तुकडे आणि सोबत एक कागद.

कागदावर लिहिलं होतं, 'जोडायला अत्यंत सोपी.'

नागोजी आणि त्याची बायको सुंदराबाई आठ दिवस जोडत होते. पहिल्या दिवशी लाकडी बैठक उलटी बसली. तिसऱ्या दिवशी नागोजीचं डोकं नळीत अडकलं. सुंदराबाईने पाय धरून ओढलं, तेव्हा कुठे निघालं. आठव्या दिवशी दुर्बीण उभी राहिली. नळीच्या तळाशी मोठा आरसा, वरच्या टोकाला छोटा तिरपा आरसा आणि बाजूला डोळा लावायला भिंग. एक स्क्रू उरला. तो नागोजीने गुपचूप मधाच्या बुधल्यात टाकला.

आता दोन्ही आरसे एका रेषेत आणायचे होते. ते जुळले नाहीत तर चंद्रसुद्धा फाटका दिसतो. मोठ्या आरशामागे त्यासाठी तीन स्क्रू होते. नागोजी भिंग काढून भोकातून बघू लागला. सुंदराबाई मागे स्क्रूंपाशी बसली.

"उजवीकडे फिरव!"

"माझ्या उजवीकडे की तुमच्या?"

"आरशाच्या!"

"आरशाला उजवं-डावं कळत असतं, तर मी त्याच्याशीच लग्न केलं असतं."

शेवटी नागोजी दमून गप्प झाला. मग सुंदराबाईने आपल्या मनाने अर्धा फेरा दिला आणि सगळं जुळलं.

"हललीस तर बघ!" नागोजी किंचाळला. दुर्बिणीला की बायकोला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्याच दिवशी सूर्य कलल्यावर अष्टमीचा अर्धा चंद्र डोक्यावर आला. नागोजीने भिंग लावून पाहिलं. डोंगर! खड्डे! खड्ड्यांत सावल्या! तो टुणकन उडाला. मग सुंदराबाईने पाहिलं, आणि दोघं एकमेकांचे पंजे धरून फुगडी घालू लागले.

आरडाओरडा ऐकून अख्खं जंगल जमलं. सरपंच हत्तीणबाई आल्या. शशांकराव ससेही आले. शशांकरावांचे पणजोबा चंद्रावर राहतात, असं जंगलात सगळे मानत. म्हणून प्रत्येक सभेत पहिली खुर्ची त्यांना असे.

शशांकरावांनी डोळा लावला. बराच वेळ ते हलले नाहीत. त्यांच्या मिशा थरथरल्या.

"दिसले का पणजोबा?" हत्तीणबाईंनी विचारलं.

"नाही," ससा हळूच म्हणाला.

मग हत्तीणबाई म्हणाल्या, "दुर्बीण बिघडली आहे. नीट जुळवा."

"जुळलेली आहे हो!" नागोजी कळवळला. पण माकडांनी स्क्रू धरले होते. कोणी पिळले, कोणी सोडले. चंद्र पसरला, ओघळला. मग त्या पांढऱ्या डागाला एका बाजूने दोन लांब शेपट्या फुटल्या.

"कान!" भिंगाला डोळा लावून हत्तीणबाई ओरडल्या. "पणजोबांचे कान!"

मग काय! ढोल आले, हार आले. सगळ्यांनी रांगेत उभं राहून पणजोबांना नमस्कार केला. नागोजीला उत्तम कारागीर म्हणून शाल मिळाली. स्क्रू पुन्हा हलू नयेत म्हणून त्यांना डिंक लावायचा ठराव झाला आणि डिंक आणायला मंडळी निघून गेली.

शशांकराव मागे राहिले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"नागोजीराव, ते मघाचे खड्डे..." ते कुजबुजले. "डिंक यायच्या आत परत एकदा दाखवता का? वहिनी, तुम्ही स्क्रूंपाशी बसा. मी रस्त्याकडे लक्ष ठेवतो."

सुंदराबाईने अर्धा फेरा दिला. मग तिघं आळीपाळीने बघत आणि हसत राहिले. इतके, की शशांकराव रस्त्याकडे लक्ष ठेवायचं साफ विसरले.

तात्पर्य: मुलांनो, खरं बघायचं असेल तर स्क्रू नीट जुळवावेत. सत्कार हवा असेल तर ते माकडांच्या हाती द्यावेत. आणि दोन्ही हवं असेल, तर डिंकाचं दुकान लांब असावं.