संवाद क्रमांक बारा

मंगळवारी सकाळी आई ओट्यापाशी उभी राहून मेथी निवडत होती आणि माझ्याकडून एका विहित नमुन्यातल्या प्रश्नाचे उत्तर मागत होती.

आई, म्हणजे प्रा. शोभा मॅडम, कोपरगावहून शिर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका अध्यापक महाविद्यालयात सव्वीस वर्षे शिक्षक घडवत होती. भावी शिक्षक एखाद्या शाळेत सराव पाठ घेत असताना वर्गाच्या शेवटच्या बाकावर निरीक्षणवही घेऊन बसणे आणि त्याचे काय चुकते ते लिहिणे, हा त्या कामाचा मोठा भाग. घरी वही नसे, पण बाक तोच असावा असे मला कधी कधी वाटे.

त्या वर्षी विद्यापीठाला असा शोध लागला होता की महाविद्यालयांत अध्यापन, अध्ययन आणि नेतृत्व यांविषयी कुणी कुणाशी बोलत नाही. उपाय म्हणून परिपत्रक निघाले. प्रत्येक प्राध्यापकाने वर्षात बारा 'सार्थ संवाद' करावेत. प्रत्येक संवाद उभयपक्षी आणि किमान वीस मिनिटांचा असावा. सोबत विद्यापीठाने क्रमांक घालून दिलेले प्रपत्र आणि तारीख, वेळ, स्थळ उमटलेला फोटो जोडावा. तोवर स्टाफरूममध्ये लोक दिवसभर बोलत असत. परिपत्रकानंतर बोलणे बंद झाले, कारण बोललेले भरून द्यावे लागे. चहा पिताना कुणी चुकून "सातवीच्या पोरांना तो धडा कळतच नाही हो" असे म्हणालेच, तर लगेच "हे अनौपचारिक समजावं" अशी पुस्ती जोडत असे.

"बारावा संवाद संस्थेबाहेरच्या अध्ययनार्थ्याशी करायचाय," आई म्हणाली. "मी तुझं नाव घातलंय."

"मी कसली अध्ययनार्थी? माझं शिक्षण संपून दहा वर्षं झाली."

"म्हणून तर संस्थेबाहेरची. प्रश्न एकच आहे. 'संबंधित व्यक्तीकडून आपण काय शिकलात?'"

मी पुण्याच्या एका कंपनीचे काम घरून करते. त्या वेळी मीटिंग सुरू व्हायला चार मिनिटे होती. लॅपटॉपवरची नजर न काढता मी म्हणाले, "बरंच काही, असं लिही."

"'बरंच काही'ला मी मार्क देत नाही."

"आई, फॉर्म आहे तो. तूच लिही काहीतरी, मी सही करते."

"सगळे तेच करतात. तू वीस मिनिटं बस माझ्याजवळ."

"रविवारी बसू."

"बरं, रविवारी." तिने मेथीच्या काड्या कागदात गुंडाळल्या, डबा पिशवीत टाकला, आणि साईभक्तांनी भरलेल्या एसटीत उभ्याने कॉलेजला गेली. संध्याकाळी आली, भाकरी टाकल्या, नव्या बॅचमधली एक मुलगी फळ्याकडे तोंड करूनच बोलते असे म्हणाली. बुधवारी सकाळी चहा ठेवायला उठली आणि ओट्यापाशीच खाली बसली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळे संपले होते.

दहावा झाल्यावर कॉलेजात शोकसभा झाली. व्यासपीठामागच्या फ्लेक्सवर 'सार्थ संवाद उपक्रमांतर्गत शोकसभा' असे लिहिले होते. प्राचार्य डॉ. भिमाजी सर म्हणाले, "मॅडमच्या जाण्यानं शैक्षणिक नेतृत्वात पोकळी निर्माण झाली आहे. आपण त्या पोकळीकडे संधी म्हणून पाहिलं पाहिजे." मग सगळ्यांनी दोन मिनिटे उभे राहून मौन पाळले. ते संपल्यावर फोटो काढणारे क्लार्क बजरंग यांच्या लक्षात आले की मोबाईलचे लोकेशन बंद होते. मौन पुन्हा पाळण्यात आले.

तरी अडचण उरलीच. गुणवत्ता कक्षाच्या समन्वयक प्रा. पंकजा मॅडम सरांच्या कानाशी लागल्या. मौन हे संवादात धरता येत नसल्यामुळे सभा सोळाच मिनिटांची भरत होती. सर पुन्हा माईककडे गेले आणि उरलेली चार मिनिटे आवारात दुचाकी कुठे लावाव्यात याविषयी बोलले.

पुढच्या आठवड्यात घरी पत्र आले. वर 'कै. प्रा. शोभा मॅडम यांस' असे होते आणि खाली 'विषय: संवाद क्र. १२ अपूर्ण ठेवून संस्थेच्या मूल्यांकनास बाधा आणल्याबाबत. आपला खुलासा तीन दिवसांत सादर करावा, अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे गृहीत धरण्यात येईल.'

पत्रातले व्याकरण निर्दोष होते. आईने एवढे तरी नक्की कबूल केले असते. मी उत्तर लिहिले: सदर प्राध्यापिका मृत असल्याने खुलासा देऊ शकत नाहीत. त्यावर उलट टपाली उत्तर आले: खुलासा मुदतीत मिळाला, तथापि त्यावर संबंधितांची स्वाक्षरी नसल्याने तो ग्राह्य धरता येत नाही, समक्ष भेटावे. कोणी भेटावे हे स्पष्ट केलेले नव्हते. मी गेले.

गुणवत्ता कक्षात भिंतभर फायली होत्या. पंकजा मॅडमनी मला पाणी दिले, माझा हात धरला, डोळे पुसले आणि लगेच फाइल उघडली. त्या वाईट नव्हत्या. मूल्यांकन समिती शुक्रवारी येणार होती, एवढेच.

"हे बाकी सगळ्यांचे संवाद बघा," त्या म्हणाल्या. मी पाहिले. अडीचशेच्या वर प्रपत्रे होती आणि प्रत्येकाच्या शेवटी 'विद्यार्थ्याने समाधान व्यक्त केले' असे एकाच वळणाच्या अक्षरात लिहिले होते.

"अक्षर माझं आहे," बजरंग संकोचाने म्हणाले. "सरांच्या बाजूनंही मीच बोललोय आणि पोरांच्या बाजूनंही. खोटं कशाला सांगू, एवढा संवाद जिल्ह्यात कुणी केला नसंल."

मग आईची फाइल. अकरा प्रपत्रे, अकरा वेगवेगळी अक्षरे, खाडाखोड, एका ठिकाणी बहुधा डोळ्यांतल्या पाण्याने फुटलेली शाई. 'मॅडम, वर्गात उभं राहिलं की माझे हात थरथरतात,' असे एकाने लिहिले होते. एकीने लिहिले होते, 'तुमचा शेरा मला पटला नाही,' आणि खाली आईने, 'पुन्हा विचार केला. तुझे बरोबर आहे.'

"हाच तर घोळ आहे," पंकजा मॅडम म्हणाल्या. "एकही दुसऱ्यासारखा नाही. समितीला बनावट वाटतील. त्यात हा बारावा."

बाराव्या प्रपत्रावर प्रश्न छापलेला होता, माझे नाव लिहिलेले होते, आणि उत्तराच्या रकान्यात आईच्या निळ्या शाईत एकच ओळ होती: 'उत्तर यामिनी देईल. रविवारी.'

मी तो कागद फाइलीतून बाहेर काढला. मग म्हणाले, "मला हा हवाय. बाकी काही नको."

"देऊ ना. पण रकाना भरल्याशिवाय फाइल बंद होत नाही, आणि फाइल बंद झाल्याशिवाय मूळ प्रत घरच्यांना देता येत नाही. भरून टाका दोन ओळी. सुचत नसेल तर तयार उत्तरं आहेत." त्यांनी एक छापील कागद पुढे केला. (अ) वेळेचे नियोजन. (आ) नैतिक मूल्ये. (इ) सकारात्मक दृष्टिकोन. (ई) वरील सर्व.

मी (ई)वर खूण करायला पेन उचललेही होते. तेवढ्यात प्राचार्य आत आले.

"अहो थांबा, थांबा! हा संवाद आहे. परिपत्रकात 'उभयपक्षी' शब्द आहे. एकट्यानं उत्तर लिहिलं तर ते निवेदन होतं."

"सर, दुसरा पक्ष उपलब्ध नाही," पंकजा मॅडम हळूच म्हणाल्या.

सरांनी डोळे मिटले. त्यांच्या नेतृत्वाची कसोटी लागली होती. मग त्यांचा चेहरा उजळला. "अनुरूपण!"

हे बाहेरच्यांना सांगायला हवे. शिक्षक व्हायला आलेली माणसे खऱ्या शाळेत जाण्याआधी एकमेकांवर सराव करतात. एक शिक्षक होतो आणि बाकीचे सातवीतली मुले होतात. मिशा असलेले, दोन लेकरांचे बाप असलेले विद्यार्थी बोट वर करून "बाई, पाणी प्यायला जाऊ?" असे विचारतात आणि त्याचे गुण मिळतात. ज्या संस्थेत चाळिशीचा माणूस बारा वर्षांचा होऊ शकतो, तिथे कुणीतरी शोभा मॅडम व्हायला नियमाची आडकाठी नव्हती.

प्रश्न फक्त कुणी व्हायचे हा होता. ज्येष्ठतेनुसार मान सरांचा होता, पण समितीच्या स्वागताला ते हवे होते. पंकजा मॅडमना फायली दाखवायच्या होत्या. बाकीच्या प्राध्यापकांनी, आपला बारा संवादांचा कोटा आधीच पूर्ण झाल्याचे लेखी दिले. शेवटी काम शिपाई चांदभाईंवर आले. आईच्या निरीक्षणवह्यांचा गठ्ठा सव्वीस वर्षे त्यांनीच शाळाशाळांतून वाहिला होता.

"मी न्हाई मॅडमच्या जागंवर बसायचो," चांदभाई म्हणाले. "त्यांच्यासमोर मी कदी बसलो न्हाई."

"समोर नाही हो, त्यांच्या ऐवजी," सरांनी समजावले.

"ते तर त्याहून वंगाळ हाय, साहेब."

"चांदभाई, हा आदेश समजा."

शुक्रवारी समिती आली. तिघेजण होते, तिघांच्याही गळ्यात हार होते. सराव वर्गात मी फळ्याशी उभी होते आणि चांदभाई शेवटच्या बाकाच्या अगदी कडेला, मांडीवर आईची निरीक्षणवही घेऊन, बसल्यासारखे उभे की उभ्यासारखे बसलेले होते. दारावर 'संवाद चालू आहे' अशी पाटी होती.

"दिवंगत प्राध्यापकांशीही संवाद चालू ठेवणारी ही जिल्ह्यातली पहिली संस्था आहे," सर म्हणाले.

"अरे वा!" समितीचे अध्यक्ष म्हणाले. "आमच्याकडे तर हयात असलेलेही बोलत नाहीत. याची उत्तम उपक्रम म्हणून नोंद घ्या."

बजरंगनी या वेळी लोकेशन दोनदा तपासून फोटो काढला. पंकजा मॅडमनी प्रपत्राच्या तळाशी 'संवाद सफल' यावर खूण केली, वेळेच्या रकान्यात वीस मिनिटे लिहिली आणि सगळे बासुंदी होती त्या खोलीकडे गेले. आम्ही दोघांनी अजून तोंडही उघडलेले नव्हते. कागद टेबलावर माझ्यासाठी ठेवलेला होता. उत्तराच्या रकान्यात आईची एक ओळ तशीच होती आणि त्याने कुणाचेही काही अडले नव्हते.

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "झालं चांदभाई. उठा आता."

ते उठले नाहीत. "आदेश संपला म्हनून मला कुनी सांगितलं न्हाई, ताई. आन तुमी बोलल्याच न्हाईत."

"काय बोलू?"

त्यांनी वही उघडली. त्यांना वाचता येते की नाही हे मला आजही ठाऊक नाही. त्यांनी प्रश्न मात्र छापल्याबरहुकूम विचारला. "काय शिकलात?"

"बरंच काही," मी म्हणाले.

"त्याला मार्क न्हाईत," चांदभाई म्हणाले. "मॅडम समद्या पोरास्नी हेच म्हनायच्या."

इथे तुम्ही हसला असाल तर हरकत नाही, मीही असल्या गोष्टींना हसतच आले आहे. फक्त आज घरी गेल्यावर एवढे पाहा, की तुमच्या वाट्याच्या ओळी तिथे कोण भरते आहे. बजरंगना मी नावे ठेवणार नाही. मंगळवारी सकाळी मीदेखील आईला माझ्या बाजूचे बोलायला सांगितले होते आणि ते तिला जमले नाही, एवढाच तिच्यात आणि इतरांत फरक.

मी शेवटच्या बाकाकडे पाहिले. चांदभाईंनी वही मिटली, तिच्यावर पेन ठेवला आणि खिडकीबाहेर पाहू लागले, उसाच्या ट्रॅक्टरकडे. आई असेच करायची. पाठ घेणारा अडखळला की ती वही मिटून बाहेर बघायची, तो सावरेपर्यंत.

"आई," मी म्हणाले. माझा आवाज रिकाम्या वर्गात फार मोठा वाटला. "मी सातवीत असताना तू आमच्या वर्गावर पाठ बघायला आली होतीस. शिकवणारी मुलगी मधेच गप्प झाली. सगळा वर्ग हसला, आणि तू वही मिटून बाहेर बघत बसलीस. ती पुन्हा बोलायला लागेपर्यंत तू मान वळवली नाहीस. तुझ्या साडीला खडू लागला होता. शेजारच्या आरतीनं मला विचारलं, ती मागं बसलेली बाई कोण गं? मी म्हणाले, कुणास ठाऊक, तपासायला आलीय कुणीतरी. तू दोनच बाकं मागं होतीस. तू ऐकलंस, मला माहीत आहे. घरी आल्यावर तू मला काहीच विचारलं नाहीस. तेव्हाही तू वही मिटलीस आणि बाहेर बघत बसलीस, आजपर्यंत. मी हेच शिकले तुझ्याकडून, आणि अजून मला ते येत नाही. आरती, ती माझी आई आहे."